आपोआप थांबलेला आवाज

मी आयुष्यभर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशिनींची देखभाल केली. फिटर म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो, पण काम एकच केलं, संशय घेण्याचं. चालत्या मशिनीच्या बेअरिंगवर लांब पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं. आत काय चाललंय ते कळतं. खरखर असेल तर ग्रीस संपलंय, टकटक असेल तर आतली गोळी फुटलीय. हे कुणालाही शिकवता येतं. शिकवायला अवघड अशी एकच गोष्ट होती. आवाज आपोआप थांबला तर खूश व्हायचं नाही. काल खरखरणारं मशीन आज कुणी हात न लावता गुपचूप चालत असेल, तर ते बरं झालेलं नसतं, आत काहीतरी तुटून मोकळं झालेलं असतं. नवी पोरं पळत येऊन सांगायची, "साहेब, आवाज गेला." मी म्हणायचो, "कुठं गेला ते आधी शोध."

त्यामुळं माझ्या बायकोला कानात इअरफोनची बोंडं घालून झोपेचा गुण आला, असं सगळं घर म्हणायला लागलं, तेव्हा मी सोडून सगळे खूश झाले.

तिची झोप गेली होती ती मागच्या हिवाळ्यात. आमचं रो-हाऊस आहे, एका भिंतीला दोन घरं. पलीकडच्या घरातले गृहस्थ माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच पोट सुटलेले, एका रात्री झोपेतच गेले. सकाळी त्यांच्या बायकोनं भिंतीवर हात आपटले आणि आमची ही धावत गेली. दिवसभर त्या वहिनींपाशी बसून होती. घरी आली ती गप्प गप्पच. त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना.

आधी मी म्हणालो, धक्का बसलाय, उतरेल. संक्रांत गेली, शिवरात्र गेली, उतरलं काहीच नाही. डोळ्याखाली काळं आलं. बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायला लागली. एकदा गॅससमोर उभ्या उभ्या तिला डुलकी लागली आणि भज्यांच्या कढईतलं तेल मनगटावर उडालं. कढई पालथी झाली नाही हे नशीब. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, परत मोजला, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "काका, या आता झोपल्या नाहीत तर पुढं जड जाईल. हे अंगावर काढायचं दुखणं नाही." त्यांनी गोळ्या दिल्या. तिनं एकच घेतली आणि पाकीट कपाटात टाकून दिलं.

"गोळीनं गुंगी येती," ती म्हणाली. "मला गुंगी नको."

"अगं, गुंगी यावी म्हणूनच दिलीय ती."

"नाय म्हणलं ना."

गोळ्यांवर माझा तरी कुठं विश्वास होता? मीही फार ताणून धरलं नाही. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप चोळलं, जायफळ घातलेलं दूध झालं, तिच्या सोयगावच्या बहिणीनं कसलीशी मुळी पाठवली ती उशाखाली ठेवून झाली. सगळं वाया. मला मनातून भीती वाटत होती. ती माझ्याआधी जाईल असा विचार मी कधी केलाच नव्हता, आणि आता तो विचार चहा पिताना, पेपर वाचताना, केव्हाही येऊन बसायचा.

मग पुण्याहून मुलीचा फोन आला. तिनं ऑनलाइन इअरफोन मागवून दिले आणि फोनवर एक ॲप घालायला लावलं. त्याचं नाव बायनॉरल बीट्स. डाव्या कानात एक सूर, उजव्या कानात दुसरा, दोन्हींत किंचितसा फरक. "बाबा, तो फरक मेंदूला तिसऱ्या आवाजासारखा ऐकू येतो. मेंदू त्याच्या लयीत जातो आणि शांत होतो. माझ्या ऑफिसातल्या अर्ध्या मुली हेच ऐकून झोपतात."

मला हसू आलं. आमच्या कंप्रेसर-रूममध्ये दोन कंप्रेसर शेजारी शेजारी होते. दोघांचा वेग जवळजवळ सारखा, पण अगदी सारखा कधीच नसायचा. दोन्ही चालू झाले की खोलीभर भोंऽव, भोंऽव असा आवाज फुगायचा आणि ओसरायचा. एक बंद केला की भोंगावणं गायब, नुसती सपाट घरघर राहायची. म्हणजे मुलगी सांगत होती ते अगदीच हवेतलं नव्हतं. पण त्या खोलीत इतकी वर्षं काढून मला कधी शांत वाटलं नव्हतं. वाटलं असेल तर डोकं दुखल्यासारखं. मुलीला मी म्हणालो, "बघू." माझं 'बघू' म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

हिनं मात्र मला चकित केलं. लगेच तयार झाली. फक्त म्हणाली, "रात्री नाय ऐकायची मी. दुपारी ऐकीन."

"दुपारी का? रात्रीची झोप गेलीय ना?"

"रात्री कानात वायर घेऊन झोपू व्हय? गळ्याला गुंडाळली तर?"

मला ते पटलं नाही. पण सुरुवात तर होतेय, म्हणून गप्प बसलो. तोपर्यंत उन्हाळा लागला होता. दुपारी जेवणं आटोपली की ती पुढच्या खोलीतल्या दिवाणावर आडवी व्हायची, पदर कानांवरून घट्ट गुंडाळून घ्यायची आणि वायर पदराच्या आत सरकवायची. बोंडं निसटू नयेत म्हणून, असं तिचं म्हणणं. शिवाय आडवं व्हायच्या आधी उठून कूलर बंद करायची.

"अगं, जीव जाईल उकाड्यानं."

"आवाजात आवाज नको. आणि गार हवेनं माझे गुडघे धरतात."

रात्रीही तिनं गुडघ्यांच्याच नावानं कूलर बंद ठेवायला लावला होता. वैशाखात संभाजीनगरात कूलरविना झोपणं म्हणजे भट्टीत झोपणं. पण आजारी माणसाशी भांडायचं कसं? मी बनियन काढून झोपत होतो.

एरवी दुपारी माझा कार्यक्रम ठरलेला असायचा. जेवलो की जालना रोडवरच्या टपरीवर जुन्या सोबत्यांत तासभर बसायचं, नाहीतर घरातच ताणून द्यायची. आता मी दोन्ही सोडलं. दिवाणासमोर खुर्ची टाकली, हातात पेपर घेतला आणि पहारा सुरू केला. मला बघायचं होतं की हे नाटक नेमकं चालतं कसं.

आणि ती झोपायची! पहिल्या दोन-तीन दुपारी नुसती पडून राहिली, मग मात्र झोपायला लागली. चांगली गाढ, चार वाजेपर्यंत. उठली की तोंडावर पाणी मारून चहा टाकायची आणि चहासोबत मला काहीतरी टोमणाही मिळायचा, जे कित्येक महिन्यांत घडलं नव्हतं. रक्तदाब खाली आला. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा. मुलीनं पुण्यात बसून सगळ्या नातेवाइकांना बातमी कळवली. सोयगावच्या मेहुणीनं विचारलं, "दाजी, ते बीट का काय ते आमच्या फोनात पण घालून द्या की." शेजारच्या वहिनींनीही चौकशी केली.

मला मात्र कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटत राहिलं. कारण मी बघत होतो. आमच्या घरावरून विमान उतरायला जातं, तेव्हा खिडकीची काच थरथरते. त्यानं तिची झोप मोडायची नाही. तसं असेल तर चांगलंच आहे, म्हणायचं, यंत्रानं काम केलं. पण मी नुसता खोकलो, किंवा खुर्चीत बूड हलवलं आणि खुर्ची करकरली, की पदराच्या आतून लगेच आवाज यायचा, "काय?"

"काही नाही. झोप."

लगेच परत झोपायची. विमान ऐकू न येणाऱ्या बाईला माझा खोकला कसा ऐकू येतो? मला वाटायचं, ही झोपतच नाही, मुलीचं मन राखायला डोळे मिटून पडते. मग रक्तदाब कसा उतरला? मग वाटायचं, गोळ्या गुपचूप घेत असेल. कपाटातलं पाकीट पाहिलं, गोळ्या होत्या तशाच होत्या. आणि रात्री? रात्री ती झोपते का नाही हे मला कसं कळावं, मी स्वतःच मेल्यासारखा झोपलेला. सकाळी विचारलं की म्हणायची, "झोपले की जराशी." या 'जराशी'चा मला राग यायचा.

त्यात मेहुणीच्या घरी साखरपुडा निघाला. हिला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून मी एकटाच सोयगावला गेलो आणि मुक्काम करून परत आलो. दार उघडलं तर ही पुन्हा तशीच, डोळे आत गेलेले. "ऐकलं नाहीस का?" मी विचारलं. "ऐकलं. दोन्ही दिवस ऐकलं. नाय लागली झोप."

आता माझा संशय पक्का झाला. इलाज खरा असेल तर तो मी गावाला गेलो म्हणून सुट्टी घेत नाही. तेच मशीन, तोच आवाज, तीच बाई. बदललं काय? फक्त मी नव्हतो. पण एवढं समोर असूनही मी चुकीच्या टोकाला हात घातला. मला वाटलं, बिघाड इअरफोनमध्येच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी इअरफोन काढून टेबलावर घेतले. आधी डावं बोंड कानात घातलं. नुसती सपाट गुणगुण. मग उजवं. तीही सपाट, जराशी चढी. दोन्ही घातली आणि डोक्याच्या मधोमध माझी कंप्रेसर-रूम सुरू झाली, भोंऽव, भोंऽव. म्हणजे माल चोख होता. मग सवयीनं बोंडं उजेडात धरली. कुठलाही सुटा भाग हातात आला की आधी त्याची झीज बघायची ही माझी खोड. भाग कसा वापरला गेलाय ते झीज खरं सांगते, चालवणारा काहीही सांगो.

उजव्या बोंडाचं रबर पिवळं, तेलकट. ही रोज केसांना खोबरेल चोपडते, ते त्यात मुरलेलं. डाव्या बोंडाचं रबर कोरं पांढरं. पाकिटातून काढलं तसंच. ते कानात कधी गेलंच नव्हतं.

मला जो आनंद झाला तो सांगायला लाज वाटते. इतके दिवस सगळं घर एका बाजूला आणि मी एका बाजूला होतो. चोर हातात सापडला होता. इअरफोन हातात लोंबकळत घेऊन मी अंगणात गेलो.

"हे एकच बोंड वापरतीस तू."

तिनं वर पाहिलं. "व्हय."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"अगं, मग काय उपयोग? एका कानानं ते होतच नाही! दोन सूर दोन कानांत गेले तरच तिसरा उमटतो." मी तिला दोन्ही कंप्रेसर समजावून सांगितले. एक बंद केल्यावर काय होतं तेही सांगितलं. ती शेंगा फोडत शांतपणे ऐकत होती. "म्हणजे इतके दिवस तू नुसती घरघर ऐकत होतीस. सगळ्यांना बनवत होतीस. पदर काय गुंडाळते, कूलर काय बंद करते!"

"बनवीत कशाला? झोप लागती ती खरीच लागती."

"मग दुसरा कान मोकळा कशाला ठेवतीस?"

"तुमच्यासाठी."

तिनं सूप बाजूला सरकवलं.

"रात्री तुम्ही घोरता," ती म्हणाली. "घोरता घोरता मधीच थांबता. नुसतं घोरणं नाय, श्वासच थांबतो तुमचा. मी वाट बघती. लई वेळ झाला तरी श्वास येत नाय. मग मी तुमच्या दंडाला हात लावती, तुम्हाला हिसका बसतो आन् परत सुरू होतं. रातभर असं चालतं. झोपू कशी?"

"कूलर..."

"कूलरच्या आवाजात मला तुमचा श्वास ऐकू येत नाय."

"आणि गोळी?"

"गोळी घेऊन मला झोप लागली, आन् तुम्ही थांबलात, तर हात कोण लावंल?"

मी पायरीवर बसलो. वरून विमान गेलं.

"पलीकडच्या वहिनींनी त्या दिवशी मला काय सांगितलं ठावंय का?" ती हळू आवाजात म्हणाली, कारण भिंत एकच होती. "त्या म्हणल्या, रात्री यांचं घोरणं एकाएकी बंद झालं. मला बरं वाटलं. म्हणलं, चला, आज शांत झोप लागंल. आन् मी कूस बदलून झोपले."

इतकी वर्षं मी पोरांकडून जे घोकवून घेत होतो, ते माझ्या घरात एकटी ही पाळत होती. आणि मशीन मी होतो. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

"दुपारी तुम्ही खुर्चीत जागे असता," ती म्हणाली. "पेपर वाजतो, खुर्ची करकरती. कान ठेवला की कळतं, हायेत. मग मला झोप येती. सोयगावला गेलात तेव्हा दिवसभर जीव टांगणीला होता. तिथं रात्री तुमच्या शेजारी कोण झोपलं असंल, त्याला काय माहीत?"

"मला सांगायचं नाहीस का?"

"सांगून? डाक्टरकडं गेला असता व्हय? पहिला शक तुम्ही डाक्टरवरच घेतला असता."

हे खोटं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी तिला घेऊन उस्मानपुऱ्यातल्या एका डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी एक छोटं यंत्र दिलं, एका रात्रीसाठी छातीला आणि बोटाला लावून झोपायचं. सकाळी ते परत नेलं. डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या श्वासाची रेघ दाखवली. रेघ डुलत डुलत चालायची, मधेच सपाट व्हायची, मग एकदम उसळायची. मी रेघेकडं पाहत होतो, ही माझ्याकडं. डॉक्टर काय काय समजावत होते. ती सगळं आधीच ऐकून पाठ झाल्यासारखी मान हलवत होती.

आता मी रात्री नाकावर मुखवटा चढवून झोपतो. उशाशी एक डबा असतो, तो नळीतून हवा ढकलत राहतो. जन्मभर कंप्रेसरची सेवा केली, आता कंप्रेसर माझी सेवा करतो. पहिल्याच दिवशी मी त्याची जाळी काढून बघितली, तेव्हा हिनं कपाळावर हात मारून घेतला. सुरुवातीला ती डब्याच्या आवाजातही माझा श्वास शोधत जागी राहायची. मग हळूहळू तिला खातरी पटली. कूलर परत सुरू झाला, दिवसाही आणि रात्रीही.

मुलीला आम्ही यातलं निम्मंच सांगितलं. तिला वाटतं बीट्सनं काम केलं, आणि ती अजून लोकांना सांगत असते. मी 'हो' म्हणतो. मला स्वतःला अजून काहीच पटलेलं नाही, ना डब्याचं, ना बीट्सचं.

परवा दुपारी जेवणं झाली. कूलर चालू होता. ही दिवाणावर बसली, इअरफोनचा गुंता सोडवला, उजवं बोंड उजव्या कानात घातलं. मग माझ्याकडं न बघता डावं बोंड उचललं, पदरानं पुसलं आणि डाव्या कानात घातलं. पदर न गुंडाळता तशीच आडवी झाली.

मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. थोड्या वेळानं खोकलो. 'काय?' आलं नाही. मुद्दाम मोठ्यानं खोकलो. खुर्ची हलवली, चांगली करकरू दिली. काहीच नाही. ती तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. बीट्सनं झोपली की निर्धास्त झाली म्हणून झोपली, ते मला ठरवता येईना. मला बरं वाटलं, फार बरं वाटलं, आणि जरा एकटंही वाटलं. इतके महिने एक कान माझ्याकडं लावलेला होता हे मला माहीतही नव्हतं, आणि माहीत झालं तोवर तो काढून घेतला गेला.

मग ती बारीक घोरायला लागली. इतक्या वर्षांत मी तिचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं, कारण रात्री आधी मीच झोपायचो आणि दुपारी ती एक कान देऊन झोपायची. कूलरच्या घरघरीत ते नीट कळत नव्हतं. चालू आहे असं वाटायचं, मग नाही असं वाटायचं. मी पेपर खाली ठेवला, आवाज न करता उठलो आणि कूलर बंद केला.